जुना सांगाडा, नवी सायकल

मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला येऊ लागला. त्याच्या आसपास, देवनार-गोवंडीच्या गल्ल्यांतून, भंगार निवडण्याचा आणि पुन्हा विकण्याचा व्यवसाय वाढला. याच भागातील दहावीच्या काही मुलांनी एकदा आम्हाला विचारले, "सर, भंगारातल्या सांगाड्यावर क्रूझर सायकल बांधता येईल का?" जाड टायर, रुंद हँडल आणि ऐसपैस बैठक एवढीच त्यांची क्रूझरची कल्पना होती. आम्ही होकार दिला आणि त्या निमित्ताने सायकलीचा इतिहासच पान्याने उलगडत गेला.

क्रूझरचा जन्म अमेरिकेतील मंदीच्या काळातला. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ मध्ये २.१२५ इंच रुंदीचे 'बलून' टायर सायकलीला बसवले. जाड टायरमध्ये हवेचा दाब कमी ठेवता येतो, त्यामुळे खड्ड्यांचे हादरे टायरच पचवतो. सायकल जड झाली, पण मजबूत आणि आरामशीर झाली. 'क्रूझर' हे नाव मात्र बरेच नंतर रूढ झाले.

आपल्याकडची काळी, उंच सायकल वेगळ्या घराण्यातली, इंग्लंडमधून आलेली. जॉन केम्प स्टार्ले यांनी १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथे 'रोव्हर' सायकल बनवली. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागचे चाक फिरवणारी साखळी हे रूप तेव्हापासून स्थिरावले. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभही १८८८ पासूनच मोजतो, आणि तो आरंभ बेळगावातील सायकलींच्या दुकानाचा आहे! मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी परदेशी सायकली विकण्यापासून सुरुवात केली. पुढे त्यांचे लोखंडी नांगर आले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

सायकली इथेच बनू लागल्या तेव्हा मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा आणि बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना चालू झाला. दोन्ही अडचणीत आल्यावर १९८० मध्ये संसदेने कायदा करून ते सरकारी मालकीचे केले. तरीही ते तगले नाहीत. आज दोन्ही बंद आहेत.

आता आमच्या सांगाड्याकडे वळू. मुलांनी पहिला आणला तो बिननावाचा होता. वरून रंग बरा दिसत होता. पण पायडलचा एक्सल जिथे बसतो तो भाग सर्वांत खाली असतो, आणि आत शिरलेले पाणी तिथेच साचते. त्या सांध्यापाशी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबताच ते नळीच्या आत गेले. "वेल्डिंगने ठिगळ मारू," मुले म्हणाली. आम्ही साफ नाही म्हटले. गंजून पातळ झालेल्या नळीवर ठिगळ मारले, तर शेजारचा भाग तडकू शकतो, आणि तो तडकतो भर रस्त्यात, अंगाचा सगळा भार पायडलवर असताना. मुले हिरमुसली. त्यांनी आधीच कप, छर्रे, एक्सल, क्रँक आणि साखळी विकत घेतली होती. ते पैसे वाया गेले असे त्यांना वाटले.

पुढच्या रविवारी दुसरा सांगाडा मिळाला. त्याच्या पुढच्या नळीवर 'हिंद'चा बिल्ला होता. गंज फक्त वरवरचा होता. मुलांनी जुने कप काढून नवे फिरवायला घेतले आणि ते अलगद आत गेले! कारखाना कधीच बंद पडलेला, मालक बदललेले, पण आटे तेच: १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ फेरे. साखळीच्या दोन पिनांमधील अंतरही तेच, अर्धा इंच. ही मापे इंग्लंडमधील कारखान्यांत ठरली. आपल्याकडे १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि सायकलीच्या भागांचीही मानके झाली. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, तरी सायकलीच्या पोटात इंच टिकून राहिला. तो बदलला असता, तर देशभरातल्या लाखो जुन्या सायकली सुट्या भागांवाचून पोरक्या झाल्या असत्या.

सगळेच जुळले असे मात्र नाही. जुन्या २८ इंची चाकात टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास ६३५ मिलिमीटर, तर क्रूझरच्या २६ इंची चाकात तो ५५९. म्हणजे रिम ३८ मिलिमीटर आत सरकते आणि जुन्या दांडीच्या ब्रेकचे गट्टू तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. टायर जाड असल्याने बाहेरचा व्यास तेवढा घटत नाही: ७१५ ऐवजी सुमारे ६६७ मिलिमीटर. सायकल २४ मिलिमीटर खाली येते, म्हणून वळणावर आतल्या बाजूचे पायडल वरच ठेवायला हवे. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत पूर्वी ५.४९ मीटर अंतर कापले जाई. आता ते ५.१२ मीटर होते.

मागे टायर जेमतेम मावला. पुढच्या चिमट्यात तो मावेना. शेवटी जाड टायरच्या दुसऱ्या एका सायकलीचा चिमटा बसवला. त्यावर २६ इंची रिमसाठी ब्रेकची सोय आधीच होती. मागे बँड ब्रेक लावला. दोन्ही ब्रेक नीट लागल्याशिवाय कोणीही सायकलवर बसायचे नाही, अशी आमची अट होती.

अशा जुळवाजुळवीतून कधीकधी नवे यंत्रही जन्मते. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण श्विनच्या जुन्या सांगाड्यांना मिळतील ते भाग लावून डोंगर उतरत. तिथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीचे नाव 'रीपॅक' होते. उतारावर मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. या खटपटीतूनच माउंटन बाइक घडली.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. 'मापन' हा धडा शिकवताना एखादी सायकल वर्गात उलटी ठेवावी. मुलांना दाते मोजू द्यावेत, चाकाचा परीघ दोऱ्याने काढू द्यावा आणि डावे पायडल सोडवायला सांगावे. ते नेहमीच्या दिशेने सुटणार नाही, कारण त्याचे आटे उलटे असतात. मग सैल मुठीत पेन्सिल धरून तिचे वरचे टोक गोल फिरवावे. मुठीला घासत फिरताना पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेने वळते. पायडल आपोआप का सुटू नये आणि त्यासाठी उलटे आटे का लागतात, याचे उत्तर मुले तिथेच शोधू लागतील.