साठवण आणि साठेबाजी

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. आवाज रडवेला. तिला केक-बिस्किटांचा नाद आहे, आणि स्वस्त पडतो म्हणून तिनं एकदम दहा किलो मैदा आणून ठेवला होता. पावसाळ्यात डबा उघडला तर आत जाळी आणि अळ्या! "आजी, तुमच्याकडे तर वर्षाचं धान्य भरायचे ना? मग ते कसं टिकायचं?"

प्रश्न साधा होता, पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ दारव्ह्याच्या आमच्या जुन्या घरातल्या कोठीखोलीत जाऊन बसले. मनानंच, अर्थात. ती खोली आता नाही.

तर मंडळी, आधी नातीच्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही पीठ भरत नव्हतो, धान्य भरत होतो. दाण्याला साल असते, ती त्याला राखते. एकदा दळलं की राखण संपली. कणकेत तर गव्हाचा अंकुरही दळला जातो, त्यातलं तेल खवट होतं. मैद्यातून तो काढलेला असतो म्हणून मैदा जरा जास्त टिकतो, पण किड्यांना तोही आवडतो. म्हणून दळण आठवड्याचं आणि धान्य वर्षाचं.

ज्वारी सुगीनंतर यायची, गहू मार्च-एप्रिलात. बन्सी गहू आईच्या विशेष आवडीचा, रोडग्यांसाठी. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी : जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची आणि तुपात बुडवून वरण-वांग्याच्या भाजीशी खायचे. आमचं खरं बेकिंग ते!) गहू अंगणात दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरायचा, निवू द्यायचा, मग एरंडेलाचा हात लावून कोठीत भरायचा. मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला. गरम धान्य भरलं तर कोठीत घाम धरतो आणि बुरशी येते, म्हणून निवू देणं महत्त्वाचं. आईला कारण सांगता आलं नसतं, पण चूक कधी झाली नाही.

त्याआधीच्या पिढीत पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा नि भुसा लावलेला, त्यात ज्वारी, वरून माती. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल. आत प्राणवायू उरलेला नसायचा, म्हणूनच किडे जगत नसत. ही युक्ती फार जुनी. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तिथं तीन हजार वर्षांपूर्वीची धान्याची पेवं सापडली आहेत. आपल्या माणसांना दुष्काळ तेव्हापासून ठाऊक!

आमच्या जिल्ह्यात मात्र कापूस आला आणि गणित बदललं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते ६५) तिकडचा कापूस अडला, इंग्रजांच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवासा झाला. पुढे तो वाहून न्यायला आपली 'शकुंतला' आली. हातात रोकड आली, पण कापूस काही खाता येत नाही. ज्वारी घरची कमी, विकतची जास्त झाली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला. माझ्या आजीच्या आईनं तो पाहिला होता. आमच्या घरातलं कोठीचं वेड बहुधा तिच्यापासून आलेलं.

मी शाळकरी असताना टंचाईचे दिवस होते. पीएल ४८० चा अमेरिकन गहू रेशनवर यायचा. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ उपास करायला सांगितलं, तो आम्ही केला. त्याच वर्षी आपल्या पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना शनिवारवाड्यावर म्हणाले होते की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. ते आमच्या गुरुजींनी वर्गात सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

साखरेचे तर हाल. १९६७ नंतर तिला दोन भाव झाले, कार्डावरचा नि खुला. आई श्रावणापासून थोडी थोडी साखर बाजूला काढायची, कारण दिवाळीत बेकरीवर नानकटाई करून घ्यायची असे. आपला मैदा, आपली पिठीसाखर, आपला डालडा घेऊन जायचं, बेकरीवाल्याला भाजणावळ द्यायची. रात्री उशिरापर्यंत नंबर लावून बसायचं. पत्र्यावर नावाची चिठ्ठी, भट्टीतून येणारा वेलदोड्याचा वास... आणि ताडाचं झाड असलेल्या डालड्याच्या पिवळ्या डब्यात भरून घरी आणायचं. माझ्या भावंडांना हे वाचून तोंडाला पाणी सुटेल!

आता जे सांगायला इतकं लिहिलं, ते सांगते.

१९७२ च्या उन्हाळ्यात मी नुकतीच शिक्षिका झाले होते. वय बावीस. नागरिकशास्त्र शिकवताना साठेबाजांवर तावातावानं बोलायचे. शनिवारी घरी आले तर आई कोठ्या भरत होती. मी म्हटलं, "आई, देशात टंचाई आहे आणि तू वर्षाचं धान्य दाबून ठेवतेस? ही साठेबाजीच झाली."

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "थो इकाले ठेवते, मी खाले ठेवतो. एवढा फरक समजत नाही काय तुले, मास्तरीन झाली तरी?" आणि पुन्हा पाखडायला लागली. मी रागानं जेवले नाही.

त्या वर्षी पाऊस रुसला. मराठवाडा नि पश्चिम महाराष्ट्राएवढी होरपळ आमच्याकडे नव्हती, पण ज्वारी महागली, मजुरांच्या घरी चुली अडू लागल्या. रेशनवर लाल मिलो आली, तिची भाकरी थापताच तुटायची. आईची कोठी तेव्हा उघडली. पायलीनं ज्वारी जायची, पुढच्या सुगीला पायलीच परत. वाढीव काही नाही, लिहिणं नाही. काहींची परत आली, काहींची नाही. आईनं विचारलं नाही. वडील जिनिंगमध्ये दिवाणजी, आम्ही काही श्रीमंत नव्हतो. होळीच्या आधी आमचीही कोठी तळाला गेली आणि आम्हीही मिलो खाल्ली.

त्या दिवाळीला बेकरीवर गेलो नाही. साखर साठलेली होती. पण शेजारी चूल पेटत नसताना आपल्या घरातून नानकटाईचा वास जावा, हे आईला पटलं नाही.

माझं चुकलं, असं मी तिला कधी म्हटलं नाही. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या आधी लोक दुकानं रिकामी करत होते तेव्हा मला तिचा फरक नीट उमगला. आई सुगीत घ्यायची, बाजारात ढीग असताना, आणि टंचाईत द्यायची. साठेबाज टंचाईत धरून ठेवतो. आणि आपण घाबरून टंचाईतच घ्यायला धावतो, तेव्हा दुसऱ्याच्या ताटातलं ओढत असतो. मीही तेव्हा तीन किलो जास्तीची तूरडाळ आणली होती, खोटं कशाला बोलू?

असो. नातीला सांगितलं की मैदा महिन्यापुरताच आण. आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेव म्हणजे अंडी मरतात, मग कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात भर. बेकिंग पावडर छोट्या डबीतच घे, दमट झाली की केक फुगत नाही.

"आणि स्वस्तात मिळाला तर?" तिनं विचारलं.

"तर शेजारणीला अर्धा दे," मी म्हटलं. बोलले मी, पण आवाज मला आईचा वाटला.