देवळालीचे मास्तर आणि मोठ्या संख्या

शाळेत आपण संख्यांचे दोन प्रकार शिकतो. १ आणि ती स्वतः यांखेरीज जिला कशानेच पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या. आणि लहान संख्यांच्या गुणाकारातून होते ती संयुक्त संख्या. मान बहुधा मूळ संख्येला मिळतो. मी कवितेचा माणूस, बी. ए. झालेला. मला मात्र ओढ संयुक्त संख्यांची, कारण त्यांच्या पोटात कोण कोण नांदते हे शोधावे लागते.

संख्या फार मोठी असली की हा शोध किती कठीण होतो पाहा. २ चा ६७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की एकवीस अंकी संख्या मिळते. फ्रान्सचे धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ मध्ये तिला मूळ संख्यांच्या यादीत बसवले. ती संयुक्त आहे हे ल्यूका यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले. पण अवयव त्यांनाही सापडले नाहीत. घरात माणसे आहेत हे कळले, नावे कळली नाहीत. अखेर १९०३ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापक कोल यांनी ती नावे सांगितली: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. या कामात तीन वर्षांचे रविवार गेले, असे ते म्हणाल्याची आठवण सांगतात. मोठ्या संख्येचे अवयव शोधण्याच्या याच अडचणीवर पुढे, १९७७ नंतर, गुप्त संदेशांची कुलुपे बसवली गेली.

आपल्याकडेही असे रविवार घालवणारे एक गृहस्थ होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते.

नुसत्या १ या अंकाने लिहिलेल्या संख्या त्यांना फार आवडत. ९१ वेळा १ लिहा. ९१ म्हणजे ७ गुणिले १३. सात-सात एकांचे तेरा गट पडतात, म्हणून सात एकांच्या संख्येने तिला पूर्ण भाग जातो. एवढी अवाढव्य संख्या, पण संयुक्त आहे हे कागद-पेन्सिलीवाचून कळते! आता नऊ एकांचा वर्ग करा: १२३४५६७८९८७६५४३२१. चढत जाऊन उतरणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी ‘डेम्लो’ म्हटले. कल्पना सुचली ती डोंबिवली स्थानकावर, त्यावरून हे नाव. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणारी. वरच्या सतरा अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने तिला भाग जातो. ती डेम्लोही आहे, हर्षदही.

या कामाला अनेक विद्वानांनी करमणूक समजून बाजूला ठेवले. मोठी पदवी नाही, हाताशी विद्यापीठ नाही. मास्तर आपल्या पुस्तिका स्वतःच छापत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर गेले. मास्तर तोवर सत्तर वर्षांचे झाले होते. १९८६ मध्ये ते वारले. आपल्या माणसाची ओळख आपल्याला परक्या मासिकाने करून द्यावी, हे मनाला लागते.

आमच्या महाळुंग्यात चाकण–तळेगाव रस्त्यावर मालाच्या गाड्यांची रीघ असते. मुलांना सांगा, एका गाडीच्या नंबरातले चार अंक घ्या. चारही सारखे नसावेत. उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करा. येईल त्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. कापरेकरांनी हे १९४६ मध्ये शोधले. मग मुलांना ६१७४ चे अवयव पाडायला लावा. अंकांची बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३ बरोबर ६१७४. म्हणजे तीही संयुक्त, तीही हर्षद.