पीक किती आणे?

रुपयाचे आणे सोळा. म्हणून भरघोस पिकाचेही आणे सोळाच धरण्याची चाल पडली. निम्में पीक आठ आणे, पाव पीक चार आणे. हीच आणेवारी. आकडा दिसावयास लहान, परंतु शेतसारा, बैलजोडी आणि पुढील पेरणीचें बीं हीं सर्व त्यावर अवलंबून असत.

मुंबई इलाख्यांतील महसुलाच्या नियमांप्रमाणें पीक चार आणे किंवा त्याहून कमी उतरल्यास शेतकऱ्यांना त्या वर्षाच्या साऱ्याची तहकुबी मागतां येई. १९१८ सालीं गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांत ह्याच नियमावरून झगडा झाला. सरकारी दप्तर म्हणे, पीक चार आण्यांहून अधिक आहे; शेतकरी म्हणत, तें कमी आहे. अर्ज-विनंत्या व्यर्थ गेल्या, तेव्हां मार्च महिन्यांत गांधीजींनीं सत्याग्रह पुकारला. ऐपतदारांनीं सारा भरावा, गरिबांची वसुली तहकूब राहावी, अशा तडजोडीनें तो जूनमध्यें संपला. पीक नेमकें किती आणे होतें, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो सुटणार तरी कसा? आणेवारी ठरे ती नजरेनें. वसुली ज्याच्या माथीं, त्यास पीक दाट दिसे. देणें ज्याच्या माथीं, त्यास विरळ. दोघेही प्रामाणिक असले तरी हा फरक पडावयाचाच. शिवाय सोळा आणे पीक म्हणजे किती, ह्याविषयींही एकमत नसे.

ह्यावर तोड काढली ती संख्याशास्त्रानें. बिहार-ओरिसा प्रांतांत हबॅक ह्या अधिकाऱ्यानें १९२३ पासून भातशेतींतील लहान तुकडे कोणाच्याही पसंतीवर न सोडतां निवडले आणि तेथील पीक कापून तोललें. पुढें बंगालमध्यें प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं तागाच्या पाहणीसाठीं असेच नमुने घेतले. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनमध्यें संख्याशास्त्र शिकून १९४० सालीं शेतकी संशोधनाच्या मध्यवर्ती परिषदेंत आले व त्यांनीं पीक कापणीची पद्धत पक्की केली. तुकडा फार लहान घेतला तर कांठावरचीं रोपें आंत धरलीं जातात आणि उत्पन्न आहे त्याहून अधिक भरतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

ह्या पद्धतींत गांव, शेत आणि शेतांतील जागा, हीं तिन्ही जणूं चिठ्ठ्या टाकून निवडलीं जातात. मग खुंट्या ठोकून दोरी ताणावयाची, आंतील पीक कापावयाचें, मळावयाचें आणि तोलावयाचें. निवड दैवाधीन असल्यामुळें तेथें अधिकाऱ्याची मर्जी चालत नाहीं आणि शेतकऱ्याची भीडही.

१९५७ सालीं दशमान नाणीं आलीं. आणेवारीची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांची रेषा टंचाईची खूण ठरली. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेनेंही भरपाईसाठीं कापणी प्रयोगांतील सरासरीचा आधार घेतला. परंतु सरासरी अनेक गांवांची, आणि शेत एकाचें. शेजारच्या शिवारांत पाऊस झाला आणि ह्याचें रान कोरडें राहिलें, तर आकडा खरा असूनही ह्याच्या पदरीं कांहीं पडत नाहीं. म्हणून कोणतें शेत कापलें, तें कोणी व कसें निवडलें, तराजूपाशीं कोण उभें होतें, हें विचारण्याचा शेतकऱ्याचा हक्क आकड्याइतकाच मोलाचा आहे. खेड्याच्या शेतकऱ्यांनीं १९१८ सालीं विचारलें तें ह्याहून वेगळें नव्हतें.