अंधारात दिसलेले किरण



विज्ञानाच्या इतिहासात यशाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. आज मी एका प्रामाणिक चुकीची कथा सांगणार आहे. कारण डोळ्यांना जे दिसते त्यात पूर्वानुभवाचा वाटा किती असतो, हे तिच्यातून फार स्पष्ट होते.

१८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी बेकरेलला युरेनियमच्या अदृश्य किरणांचा सुगावा लागला. नवे किरण सापडणे ही जणू त्या काळाची सवयच झाली होती. अशा वातावरणात १९०३ साली फ्रान्समधील नान्सी येथील रने ब्लाँद्लो या मान्यवर भौतिकशास्त्रज्ञाने ‘एन-किरण’ जाहीर केले. हे किरण पडले की विजेची बारीक ठिणगी किंचित अधिक उजळ दिसते, असे त्यांचे म्हणणे. ती वाढ अंधाऱ्या खोलीत, नुसत्या डोळ्यांनी जोखावयाची होती. फ्रान्समधील कित्येक संशोधकांना ती दिसली. बाहेरच्या अनेकांना दिसेना.

१९०४ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड नान्सीला गेले. प्रयोग चालू असता त्यांनी अंधारात यंत्रातील ॲल्युमिनियमचा लोलक गुपचूप काढून घेतला. त्याविना किरणांचा वर्णपट पडणे शक्यच नव्हते. तरीही निरीक्षणे पूर्वीसारखीच येत राहिली. वुड यांचे पत्र २९ सप्टेंबर १९०४ च्या ‘नेचर’मध्ये छापले गेले आणि एन-किरणांवरचा विश्वास ओसरला.

ब्लाँद्लो लबाड नव्हते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. पाहणे हे नकळत केलेले अनुमान असते, असा विचार हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. भर उजेडात वस्तूच इतका पुरावा देते की पूर्वग्रहाला फारसा वाव उरत नाही. अंधुक प्रकाशात पुरावा तोकडा पडतो आणि उणे भरून काढण्यास पूर्वानुभव धावून येतो. हाच अनुभव एरवी काळोखातही घरची पायरी चुकू देत नाही. तो टाकून देता येत नाही; त्याची परीक्षा मात्र घेता येते.

आम्हा शिक्षकांचीही एक अंधारी खोली असते. गणिताचे उत्तर बरोबर की चूक, हे स्वच्छ दिसते. निबंधाला सहा गुण द्यावेत की सात, हे ठरविताना मात्र नाव वाचताच त्या मुलाचा मागचा निकाल डोळ्यांपुढे येतो. या दोषातून मीही सुटलो नाही. किती मुलांचे किती गुण असे गेले, याचा हिशेब आता मांडता येणार नाही. पुढे मी नाव झाकून निबंध तपासू लागलो. लोलक काढून पाहण्याचा तेवढाच मार्ग माझ्या हाती होता.