लाल रेघ, हिरवी रेघ

एखादी विद्या शिकवण्याजोगी केव्हा होते? डिजिटल चिपच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर इतिहासात सापडतं.

१९७०च्या दशकात चिपची रचना ही मुख्यतः कारखान्यातली विद्या होती. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, आणि तेही गुपित. बहुतेक विद्यार्थ्यांना चिपबद्दल वाचता येई, स्वतः चिप करून पाहता येत नसे.

कॅलटेकमधले कार्व्हर मीड आणि झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या लिन कॉनवे यांनी हे नियम थोडक्यात आणले. रेघांची रुंदी आणि मधलं अंतर 'लॅम्डा' या एकाच मापाच्या पटीत सांगायचं : दोन लॅम्डा, तीन लॅम्डा. पुढे कारागिरी अधिक बारीक झाली, तर लॅम्डा लहान करायचा, चित्र तेच. कागदावर हिरवी रेघ म्हणजे सिलिकॉनमधला वाहक पट्टा, लाल म्हणजे पॉलिसिलिकॉन, निळी म्हणजे धातू. लाल रेघ हिरवीला ओलांडते, तिथे ट्रान्झिस्टर तयार होतो. लाल रेघेवरचा विद्युतदाब हिरवीतला प्रवाह चालू किंवा बंद करतो. एवढं कळलं की विद्यार्थी आराखडा काढू लागतो.

१९७८ साली कॉनवे यांनी एमआयटीमध्ये हा अभ्यासक्रम शिकवला. सत्राच्या पूर्वार्धात धडे, उत्तरार्धात प्रत्येकाची स्वतःची चिप. पण खर्चाचं काय? बरेच आराखडे एकाच सिलिकॉन चकतीवर दाटीवाटीनं बसवले, म्हणजे खर्च वाटला गेला. आराखडे संगणकांच्या जाळ्यावरून कॅलिफोर्नियाला गेले आणि काही आठवड्यांत खऱ्या चिप मुलांच्या हातात आल्या. गाय स्टील या विद्यार्थ्यानं तर अख्खा प्रोसेसर रचला होता. त्यात जोडणीच्या काही चुका राहिल्या; पण त्या चुका त्याच्या स्वतःच्या होत्या, खऱ्या सिलिकॉनवरच्या होत्या.

१९७९मध्ये हाच प्रयोग अनेक विद्यापीठांनी मिळून केला. १२४ जणांचे ८२ आराखडे जमले आणि अवघ्या २९ दिवसांत चिप तयार झाल्या. १९८१पासून अमेरिकेत 'मोसिस' ही सेवा हेच काम नियमित करू लागली.

यात नवा ट्रान्झिस्टर कोणीच शोधला नव्हता. नियम सोपे केले आणि चुका करण्याची किंमत खाली आणली, इतकंच. आपल्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप लावताना हे आठवायला हरकत नाही.