अवधान-व्यवस्थापन, संगणकव्याप्त परिसरातील

घर, कचेरी, इस्पितळ, वाहन अशा ठिकाणी माणसाभोवती अनेक संगणकीय उपकरणे एकाच वेळी चालू असतात. त्यांपैकी कोणी, केव्हा आणि कितपत जोराने त्याचे लक्ष वेधावे, याचा विचार करणारी अभ्यासशाखा. ‘अवधान’ म्हणजे एका विषयाकडे चित्त लावणे. त्याच्याच घराण्यातला ‘व्यवधान’ हा शब्दही मराठीत रुळलेला आहे. दुसरे व्यवधान मागे लागले की हातातले काम सुटते. ही शाखा मुख्यतः या दुसऱ्या शब्दाचा बंदोबस्त करते.

माहिती वाढली की ती घेणाऱ्याचे अवधान खर्ची पडते आणि तेच दुर्मिळ होते, हा मुद्दा हर्बर्ट सायमन यांनी 1971 मध्ये मांडला. त्याला उपकरणांच्या रचनेशी जोडले ते मार्क वायझर (1952–1999) यांनी. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 1988 च्या सुमारास त्यांनी ‘सर्वव्यापी संगणन’ ही कल्पना मांडली. तिथे इंचाच्या मापाचे ‘टॅब’, फुटाच्या मापाचे ‘पॅड’ आणि यार्डाच्या मापाचे ‘बोर्ड’ तयार झाले. सप्टेंबर 1991 च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखात वायझर यांनी एकेका खोलीत शेकडो संगणक असतील असे भाकीत केले. ते सगळे बोलू लागले तर माणसाने काय करायचे, हा प्रश्न ओघानेच आला.

वायझर आणि त्यांचे सहकारी जॉन सीली ब्राउन यांनी 1995 मध्ये दिलेले उत्तर ‘शांत तंत्रज्ञान’ या नावाने ओळखले जाते. अवधानाला केंद्र असते आणि परीघ असतो. परिघावरच्या गोष्टींकडे आपण बघत नसतो, पण त्या आपल्याला कळत असतात. स्वयंपाकघरात कुकर लावून बाहेर पेपर वाचत बसलेला माणूस शिट्ट्यांकडे कान लावून बसत नाही. तरी तिसरी झाली की उठून गॅस बंद करतो, आणि बराच वेळ एकही झाली नाही तर तेही त्याला जाणवते. उपकरण असे परिघावर राहावे, गरज पडली तर केंद्रात यावे आणि काम झाले की परत जावे. शांतता म्हणजे मुकेपणा नव्हे, हा या मांडणीतला महत्त्वाचा आणि पुष्कळदा विसरला जाणारा भाग आहे.

वायझर आणि ब्राउन यांनी दिलेले उदाहरण आजही सर्वांत बोलके वाटते. नॅटली जेरेमायजेंको या कलावतीने झेरॉक्सच्या त्याच केंद्रात छताला एक छोटी विजेची मोटर बसवून तिला आठ फुटी प्लॅस्टिकची दोरी टांगली. मोटरची जोडणी कचेरीतल्या नेटवर्कच्या तारेशी होती. तारेतून माहिती गेली की दोरीला हलकासा झटका बसे. वर्दळ कमी असली की काही सेकंदांनी एखादी थरथर. वाढली की दोरी गरगर फिरू लागे आणि तिचा सळसळाट आसपासच्या खोल्यांत ऐकू येई. पडदा नाही, आकडे नाहीत. नेटवर्क तुंबले आहे का, हे कोणाला मुद्दाम पाहावे लागत नसे.

दुसरा मार्ग गणिताचा. व्यत्ययाची किंमत आणि निरोपाची निकड यांची तुलना करून यंत्रानेच वेळ निवडावी, या दिशेने मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक हॉर्विट्झ यांनी काम केले. त्याच कंपनीच्या ऑफिस 97 मधील मदतीला म्हणून येणारी, डोळे मिचकावणारी कागदाची क्लिप मात्र नको तेव्हा टपकण्यासाठीच लक्षात राहिली. ऑफिस 2007 मध्ये ती काढून टाकली गेली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील 2003 च्या अभ्यासात, माणसाला आत्ता अडवावे की नाही हे ओळखायला खोलीत कोणी बोलत आहे का ही साधी खूण फार उपयोगी ठरली. दार ढकलण्याआधी कानोसा घ्यावा, हे घरातल्या मोठ्यांनी आधीच शिकवलेले असते. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांना 2008 मध्ये दिसले, की मध्ये मध्ये अडवलेली माणसे काम उलट लवकर उरकतात, पण जास्त ताण आणि वैताग सोसून.

जिथे चूक जिवावर बेतते, तिथे हे शास्त्र कडक होते. अमेरिकेत 1981 पासून 10,000 फुटांखाली उडताना विमान कंपन्यांच्या वैमानिकांना उड्डाणाशी संबंध नसलेल्या गप्पा आणि कामे वर्ज्य आहेत. एअरबसच्या कॉकपिटमध्ये सर्व ठीक असेल तर माथ्यावरच्या फलकावरील बटणांचे दिवे विझलेले असतात, म्हणून पेटलेला दिवा चटकन नजरेत भरतो. इस्पितळे हा धडा मोठी किंमत मोजून शिकली. अतिदक्षता विभागात मॉनिटर, सलाइनचा पंप, व्हेंटिलेटर आपापले वाजत असतात, आणि बहुतेक अलार्मांना कोणी काही करण्याची गरज नसते. कान सरावतात, आवाज कमी केला जातो, आणि खरा अलार्म त्यातच बुडतो. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या संस्थेकडे जानेवारी 2009 ते जून 2012 या काळात अलार्मांशी संबंधित 98 घटनांची नोंद झाली. त्यांपैकी 80 मध्ये रुग्ण दगावले.

वायझर यांच्या विचारावर आक्षेपही आले. सगळेच पार्श्वभूमीला ढकलले तर माणूस सुस्तावेल, तंत्रज्ञानाने त्याला गुंतवावे, असे इव्हॉन रॉजर्स यांनी 2006 मध्ये मांडले. पण खरा घाव घातला तो बाजाराने. टॅब आणि पॅड फोन आणि टॅबलेटच्या रूपाने आले. मात्र त्यांतल्या बऱ्याच ॲपांची कमाई जाहिरातींवर, म्हणजे लक्ष केंद्रात खेचून धरण्यावर, चालते. आयफोनमध्ये 2012 साली ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि 2021 साली ‘फोकस’ ही सोय आली. 2018 मध्ये गूगल आणि ॲपल या दोघांनी पडद्यासमोरच्या वेळेचा हिशेब देणे सुरू केले. या सोयी उपयोगी आहेत, पण त्या आवराआवरीचे काम यंत्राकडून काढून माणसाच्या गळ्यात घालतात.

याउलट, गावाने मिळून केलेला एक उपाय सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे आहे. तिथे 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो.