बटणातली ठिणगी

चावीच्या ग्रामोफोनला बंद करताना ‘फट्ट’ वाजण्याचा रोग नव्हता. स्प्रिंग गुंडाळायची, सुई ठेवायची, की पडद्याची थरथर भोंग्यातून बाहेर पडायची. विजेचा संबंधच नाही. तबकडी लाखेची, आणि लाख तर आपल्याच मुलखातली. भंडारा-गोंदियाकडच्या पळसावर, कुसुमावर तिचा किडा आजही पोसला जातो. 1928 साली कलकत्त्याच्या दमदमला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डी गावोगाव पोचल्या. मग विजेची मोटर आली, अँप्लिफायर आला. 1948 साली अमेरिकेत लाँग प्ले निघाली, ती पुढे आपल्याकडेही आली. एवढ्या सोयी झाल्या आणि त्यांच्यासोबत मोटर बंद करताना स्पीकरमधून येणारा ‘फट्ट’ही घरात शिरला.

नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झालं तेही 1948 सालीच. रेडिओला 1933च्या कायद्याप्रमाणे परवाना लागे, दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागत. रेकॉर्ड प्लेअरला असलं काही नव्हतं. पण पुष्कळ प्लेअरांना स्वतःचा अँप्लिफायर नसायचा. रेडिओच्या पाठीमागे ‘पिकअप’ लिहिलेली दोन भोकं असत, त्यांत प्लेअरची वायर खोचायची आणि गाणं रेडिओच्या स्पीकरवर ऐकायचं. म्हणून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडेच प्लेअर येऊ लागले. आमचे बाबा असेच या कामात आले आणि त्यांच्या हाताखाली मी.

घरगुती गिऱ्हाइकापेक्षा मांडव-भोंगे भाड्याने देणारे बिछायत केंद्रवाले जास्त तडफडत यायचे. घरात ‘फट्ट’ झालं तर आजी दचकेल, फार तर. पण लग्नाच्या मांडवात, गणपतीत, रामनवमीला झाडावर बांधलेल्या भोंग्यातून तोच आवाज बंदुकीसारखा निघायचा. ‘भाऊ, रेकॉर्ड बराबर वाजते, बंद करतानाच फाडकन आवाज येऊन राहिला,’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे, की माणूस दारात असतानाच हात पेचकसाकडे जायचा.

बहुतेकांना वाटे, स्पीकर फाटला. काही मेकॅनिक खरोखर स्पीकर बदलून पैसे घेत, ह्याचा मला आजही राग येतो. दोष जन्मतो बटणात. मोटरच्या गुंडाळीतून प्रवाह चालू असताना तो तटकन तोडला, तर तो तिथल्या तिथे थांबत नाही. धावत्या बंडीच्या बैलांचा कासरा एकदम ओढला तर मागची बंडी त्यांच्या अंगावर येते, तसा प्रकार. बटणाच्या दोन पत्त्यांमध्ये दाब क्षणात शेकडो व्होल्ट चढतो आणि ठिणगी उडी मारते. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं बेशिस्त रेडिओ स्टेशन. तिच्या लहरी पिकअपची वायर झेलते, अँप्लिफायर त्या फुगवतो. जुन्या क्रिस्टल पिकअपचा आवाज मुळात दणकट, त्यात हे थोडंफार लपून जाई. पुढे मॅग्नेटिक कार्ट्रिज आलं. त्यातून निघतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट, त्यामुळे अँप्लिफायरला ते कितीतरी जास्त वाढवावे लागतात आणि ठिणगीही तेवढीच मोठी होऊन ऐकू येते.

बाबांची रीत ठरलेली. प्लेअर उलटा करायचा, बटणाच्या पत्त्या उघड्या करून भिंगाखाली धरायच्या. काळ्या पडलेल्या, खड्डे पडलेल्या पत्त्या बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायच्या. पण नुसतं घासून भागत नाही, ठिणगी पुन्हा खड्डे पाडते. म्हणून पत्त्यांच्या आडवा एक कंडेन्सर, 0.1 मायक्रोफॅरडचा, आणि त्याच्याशी ओळीत 100 ओहमचा रेझिस्टर. पत्त्या उघडतात तेव्हा ठिणगीला जाणारा प्रवाह कंडेन्सर स्वतःकडे वळवून घेतो. रेझिस्टर कशाला, हे बाबांनी मला एकदाच सांगितलं, पण नीट. आपल्या 230 व्होल्टच्या लाइनवर कंडेन्सर 325 व्होल्टपर्यंत भरलेला असू शकतो. बटण चालू करताच तो सगळा पत्त्यांतूनच रिकामा होणार. मध्ये 100 ओहम असतील तर तो झटका साधारण तीन अँपिअरवर अडतो. नसतील तर पत्त्या हळूहळू जळतात, कधी एकमेकींना चिकटतात, आणि प्लेअर बंदच होत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याने आमच्या कामात स्वतःची भर घातली. पारा 45च्या वर गेला की जुन्या कागदी कंडेन्सरांचं मेण पाझरायचं, पुढे पावसाळ्यात त्यांत ओल शिरायची. दुसरी भर कूलरची. मे महिन्यात प्लेअर घेऊन आलेल्या माणसाला बाबा पहिला प्रश्न विचारत, ‘घरी कूलर कोण्या बोर्डावर आहे?’ वाळ्याच्या ताट्यांमागे पंख्याची मोटर, खाली पाण्याचा पंप, दोघांची बटणं प्लेअरच्याच लाइनवर. पंप बंद केला की गाण्यात ‘फट्ट’. अशा वेळी प्लेअरला हातही न लावता कूलरच्या बटणावर कंडेन्सर बसवायचा. दोष कुठे ऐकू येतो आणि कुठे असतो, हे ओळखणाऱ्यालाच मी मेकॅनिक म्हणतो.

1980च्या दशकात कॅसेट आली आणि ही कामं आटली. बिछायतवाल्यांनी प्लेअर भंगारात काढले. आता काही वर्षांपासून नातवंडं आजोबांचे प्लेअर घेऊन येऊ लागली आहेत आणि मला मनापासून आनंद होतो. खालची पाटी काढली की कोणी कधी काय केलं ते दिसतं. मेणाचा कागदी कंडेन्सर, त्यावर कोणीतरी ठोकलेला दुसरा, सोल्डरचे ढेकूळ. ते सगळं काढून मी X2 छापलेला, 275 व्होल्ट एसीचा कंडेन्सर लावतो. तो लाइनवर कायम राहण्यासाठीच बनवलेला असतो, बिघडलाच तर पेट घेऊ नये अशी त्याची घडण. नुसतं 400 व्होल्ट डीसी लिहिलेला स्वस्त मिळतो, तो इथे चालत नाही.

शिकायला येणाऱ्या पोरांना आणखी एक गोष्ट करून दाखवतो. बटण बंद करून मोटरच्या टोकाला टेस्टर लावायचा. दिवा पेटतो! 0.1च्या कंडेन्सरमधून बंद बटणालाही सुमारे सात मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो, मोटर फिरत नाही पण बोटाला झटका बसतो. म्हणून पाटी उघडण्याआधी पिन भिंतीतून उपटून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवायची.